ग्रंथालयाच्या वेब-प्रणालीचा लोकल सेटअप आणि वर्णक्रमाचा घोळ: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील ‘अ’ वर्गाच्या एका सार्वजनिक ग्रंथालयाची देवघेव, सभासदांची वर्गणी व अनामत, दाखल नोंदवही आणि वार्षिक अहवालासाठी लागणारी आकडेवारी ही सर्व कामे एका वेब-प्रणालीवर चालतात. ही प्रणाली सांभाळणारा चमू अगदी छोटा आहे. त्यातील दोघे जण सुरुवातीपासूनचे असून ते उबंटू या लिनक्स वितरणावर काम करतात. २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्यात एक नव्या सहकारी दाखल झाल्या. संस्थेकडे या नव्या सहकाऱ्यांना देण्यासाठी संगणक नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर घरूनच काम करावे असे ठरले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच दिला आहे.

प्रणालीची रचना साधी आहे. सर्व्हरवर डेबियन १२ हे लिनक्स वितरण असून त्यासोबत येणारी पायथन ३.११ ही प्रोग्रामिंग भाषा आणि पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस तेथे वापरले जातात. अनुप्रयोग जँगो ४.२ या पायथनच्या वेब-चौकटीत लिहिलेला आहे. वर्गणीची पावती पीडीएफ स्वरूपात तयार होते आणि त्यासाठी वीझीप्रिंट हे पॅकेज वापरले जाते. हे पॅकेज अक्षरांची मांडणी पँगो या लायब्ररीकडून करून घेते, त्यामुळे पावतीतील जोडाक्षरे नीट उमटायची असतील तर पँगो आणि देवनागरी फाँट या दोन्ही गोष्टी त्या यंत्रावर असाव्या लागतात. नव्या सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ होते, मेमरी ८ जीबी होती आणि डिस्कवर मोकळी जागा बेताचीच होती. त्याच लॅपटॉपवर घरातील इतरांचा अभ्यास आणि बँकेची कामेही होत असत. मोठी डाउनलोड बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करावी लागत.

अडचण कशी उभी राहिली

प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये सेटअपच्या सूचना होत्या, पण त्या मोजक्या ओळींत उरकलेल्या होत्या: पायथन बसवा, पॅकेजे बसवा, डेटाबेस तयार करून त्यावर भूमिकेला (डेटाबेसमधील वापरकर्ता-खात्याला) सर्व अधिकार द्या, मायग्रेशन (टेबले बनवणाऱ्या आज्ञा) चालवा, सर्व्हर सुरू करा. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांच्या संगणकावर बाकीचे सर्व आधीपासूनच बसवलेले होते, आणि अशा यंत्रासमोर बसून लिहिलेल्या सूचनांत नेमके तेच गळते जे लिहिणाऱ्याला दिसत नाही.

पहिला अडथळा पायथनचाच आला. सूचनेत आवृत्ती दिलेली नसल्यामुळे सहकाऱ्यांनी संकेतस्थळावरील सर्वांत नवी, म्हणजे ३.१३ ही आवृत्ती घेतली. पोस्टग्रेसशी जोडणी करून देणाऱ्या सायकोपीजी-२ या पॅकेजची २.९.९ ही आवृत्ती प्रकल्पात पक्की केलेली होती आणि पायथन ३.१३ साठी त्या आवृत्तीचे तयार पॅकेज निघालेले नाही. तयार पॅकेज न मिळाल्याने पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने ते मूळ कोडपासून बांधायचा प्रयत्न केला आणि पोस्टग्रेसची माहिती देणारी साहाय्यक फाइल सापडत नाही अशी तक्रार करून तो थांबला. तो संदेश वाचून दोष पायथनच्या आवृत्तीत असेल अशी शंका कोणालाही येणार नाही. साहजिकच सर्वांचा संशय पोस्टग्रेसवर गेला. ते काढून पुन्हा बसवले गेले, या वेळी सतरावी आवृत्ती, आणि तरीही संदेशात काही फरक पडला नाही. पुढे पायथन ३.११ आणल्यावर ही गाठ सुटली खरी, पण लगेचच पावतीच्या पीडीएफसाठी पँगो विंडोजवर कसे आणायचे हा प्रश्न समोर उभा राहिला. हे करता येते, परंतु त्यासाठी एमसिस-२ सारखे आणखी एक साधन बसवून मार्ग-व्हेरिएबल बदलावे लागतात. या टप्प्यावर चमूने एकेक खड्डा बुजवण्याचे थांबवून कोणता रस्ता धरायचा यावर एकत्र बसून विचार केला. माझ्या मते हा या प्रकरणातील पहिला खरा निर्णय होता आणि तो व्हायला हवा होता त्यापेक्षा थोडा उशिराच झाला.

विचारात घेतलेले पर्याय

सर्व काही थेट विंडोजवर बसवणे हा पहिला पर्याय होता आणि तो अशक्य नव्हता. पण सर्व्हर लिनक्सवर आहे. फाइलनावांतील लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद, ओळीच्या शेवटचे चिन्ह, फाँटचे मार्ग अशा प्रत्येक ठिकाणी दोन प्रणालींत अंतर राहिले असते आणि त्यातून निघणारे दोष तपासायला विंडोज वापरणारा दुसरा कोणी चमूत नव्हता.

लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून सुरू करताना दोहोंतील एक निवडणे हा पर्याय ज्येष्ठ सहकाऱ्यांना मनापासून पसंत होता, पण तो लवकरच बाजूला ठेवावा लागला. लॅपटॉप खासगी होता, डिस्कचे नव्याने विभाजन करण्याची जोखीम मालकाने संस्थेसाठी का घ्यावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. शिवाय विंडोज ११ मध्ये डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कूटबद्ध असू शकते. अशा वेळी पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी नसताना सुरुवातीच्या मांडणीत हात घालणे धोक्याचे असते.

व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे विंडोजच्या आत आभासी लिनक्स संगणक चालवण्याचा, हिशेब मेमरीपाशी अडला. विंडोज ११ ला स्वतःसाठीच किमान ४ जीबी मेमरी लागते. उरलेली ४ जीबी मशीनला बांधून दिली तर ब्राउझर आणि कोड-एडिटर उघडायचे कशावर?

अनुप्रयोगाला लागणारे घटक ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त पेटीत बांधून देणाऱ्या डॉकर या साधनाच्या बाजूने सर्वांत जोरदार मांडणी झाली. प्रत्येक घटकाची नेमकी आवृत्ती फाइलमध्ये लिहून ठेवता येते आणि नव्या माणसाने एकच आज्ञा चालवावी, हा त्याचा गुण कोणी नाकारला नाही. परवान्याचा खर्चही आड येत नव्हता, कारण डॉकर डेस्कटॉप २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या संस्थांना विनामूल्य आहे. हरकत दुसरीकडे होती. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप सहसा डब्ल्यूएसएल-२ या लिनक्स उपप्रणालीच्या आधारानेच चालतो, म्हणजे ती उपप्रणाली तशीही बसवावीच लागली असती. मग तिच्या वर कंटेनरचा आणखी एक थर, त्याच्या इमेजेसचे (तयार साच्यांचे) हॉटस्पॉटवरून डाउनलोड आणि ८ जीबीत त्याची सोय हे सारे कशासाठी करायचे? खुद्द सर्व्हरवरही कंटेनर नव्हते. दूरच्या यंत्रावर कोड ठेवून तेथेच काम करण्याचा विचारही निघाला, पण इंटरनेट बेभरवशाचे असल्याने त्यावर फार वेळ गेला नाही.

शेवटी डब्ल्यूएसएल-२ वर डेबियन १२ बसवायचे आणि पायथन, पोस्टग्रेस, पँगो हे सर्व सर्व्हरप्रमाणेच डेबियनच्या भांडारातून घ्यायचे असे ठरले. या निवडीमुळे आवृत्त्या जुळवण्याचे काम जवळजवळ आपोआप झाले. उबंटूऐवजी डेबियन घेण्याचा आग्रह नव्या सहकाऱ्यांचाच होता आणि तो योग्य ठरला.

प्रत्यक्ष उभारणी

उपप्रणाली बसवणे अवघड गेले नाही. आभासीकरणाची सोय बायोसमध्ये बंद होती, ती तेवढी सुरू करावी लागली. डब्ल्यूएसएल-२ एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत मेमरी घेऊ शकते, म्हणून तिच्या मांडणी-फाइलमध्ये ३ जीबीची मर्यादा घालण्यात आली आणि विंडोजची बाजू सुसह्य राहिली.

त्यानंतरच्या अडचणी तीन ठिकाणांहून आल्या. सहकाऱ्यांनी रेपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडचा साठा) आधी विंडोजवरील गिट या साधनाने क्लोन केली, म्हणजे उतरवून घेतली होती आणि तोच फोल्डर लिनक्सच्या बाजूला उचलून नेला होता. विंडोजवरील गिटच्या नेहमीच्या मांडणीत फाइल घेताना ओळींची टोके विंडोजच्या पद्धतीने बदलली जातात, त्यामुळे बॅशच्या (लिनक्सच्या आज्ञा-पटलाच्या) स्क्रिप्ट ‘असा दुभाषी सापडत नाही’ असे सांगून बंद पडू लागल्या. टोकाचे ते अदृश्य चिन्ह नावाचाच भाग समजले जात होते. स्क्रिप्ट दुरुस्त करून भागले असते, पण चमूने रेपॉझिटरीतच ओळींच्या टोकांचा नियम लिहून टाकला आणि कोड लिनक्सच्या घर-फोल्डरमध्ये नव्याने क्लोन केला. नव्याने क्लोन करण्याचा दुसरा लाभ वेगाचा झाला. डब्ल्यूएसएल-२ मधून विंडोजच्या ड्राइव्हवरील फाइल वाचताना प्रत्येक विनंती एका मधल्या प्रोटोकॉलमधून जाते, आणि हजारो छोट्या फाइल असलेल्या प्रकल्पात हा विलंब चटकन जाणवतो.

पॅकेजे बसवताना डेबियन १२ ने व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटच्या (प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनच्या) बाहेर पिप चालवायला नकार दिला. हा नकार हेतुपुरस्सर आहे, कारण प्रणालीचे स्वतःचे पायथन त्यामुळे सुरक्षित राहते. पण रीडमीत व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटचा उल्लेखच नव्हता आणि इंटरनेटवरील अनेक उत्तरे हा नकार जबरदस्तीने ओलांडायला सांगतात. सहकाऱ्यांनी तसे करण्यापूर्वी विचारले, हे फार बरे झाले. सायकोपीजी-२ बांधण्यासाठी लागणारे कंपायलर आणि हेडर-फाइलीही या निमित्ताने सूचनांत आल्या.

तिसरी अडचण अधिक बोधक होती. मायग्रेशन चालवताच ‘पब्लिक’ या स्कीमावर (डेटाबेसमधील टेबलांच्या कप्प्यावर) परवानगी नसल्याची एरर आली. रीडमीप्रमाणे डेटाबेसवर सर्व अधिकार दिलेले होते, आणि जुन्या सहकाऱ्यांच्या यंत्रांवर तेवढे पुरतही होते. पोस्टग्रेस १५ पासून मात्र नव्या डेटाबेसमधील पब्लिक स्कीमात कोणालाही टेबल बनवण्याची मुभा राहिलेली नाही; ती डेटाबेसच्या मालकापुरती आहे. जुन्या सहकाऱ्यांचे डेटाबेस आधीच्या आवृत्तीतून वर आणलेले असल्याने त्यांच्यात जुने अधिकार टिकून होते. अनुप्रयोगाची भूमिकाच डेटाबेसची मालक केल्यावर मायग्रेशन सुरळीत पार पडली.

सभासदांची माहिती द्यायची का, हाही निर्णय याच सुमारास घ्यावा लागला. काम करायला भरलेला डेटाबेस हवा होता आणि सर्व्हरवरील डेटाबेसचा पूर्ण डंप (फाइलमध्ये उतरवलेली प्रत) पाठवणे सर्वांत सोपे होते. परंतु त्यात सभासदांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक आणि कोणी कोणते पुस्तक नेले याच्या नोंदी होत्या. घरातील इतर माणसेही वापरत असलेल्या लॅपटॉपवर ही माहिती ठेवणे चमूला पटले नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदाही चर्चेत आला. त्यानुसार ग्रंथांची तालिका जशीच्या तशी देण्यात आली, आणि सभासदांच्या नावांच्या जागी ‘सभासद’ या शब्दापुढे क्रमांक अशी नावे घालण्यात आली. ईमेल खरोखर न जाता फक्त टर्मिनलवर छापले जाईल अशी व्यवस्था केली गेली, जेणेकरून चाचणी करताना एखाद्या वाचकाला मुदत संपल्याची खोटी सूचना जाऊ नये.

यादीचा क्रम

सेटअप पूर्ण झाला असे सर्वांनी मानले आणि नव्या सहकाऱ्यांना ग्रंथकार व विषय यांच्या याद्यांचे पान सुधारण्याचे काम दिले गेले. काही दिवसांनी त्यांनी तपासणीसाठी पाठवलेल्या बदलात एक अनपेक्षित गोष्ट होती. वर्णमालेतील अक्षरांचा क्रम हाताने लिहून त्यांनी यादी पायथनमध्ये लावणारे एक फंक्शन तयार केले होते. सोबत स्पष्टीकरण होते: सध्याच्या यादीत ‘ॲलोपॅथी’ आणि ‘ॲथलेटिक्स’ हे विषय ‘हस्तकला’ व ‘होमिओपॅथी’ यांच्याही खाली, अगदी तळाशी येतात, आणि ग्रंथकारांमध्ये ‘काळे’ हे नाव ‘काशीद’ आणि ‘कासार’ यांच्या आधी लागते; हा दोष दूर केला आहे.

निरीक्षण अचूक होते. मात्र ग्रंथालयातील प्रणालीवर हा दोष नव्हताच. तेथे ‘ॲ’ स्वरांच्या गटात येत होता आणि ‘ळ’ मराठी वर्णमालेप्रमाणे ‘ह’ नंतर. दोष फक्त त्या लॅपटॉपवर होता.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘ळ’ चा क्रमांक ‘ल’ नंतर आणि ‘व’ च्या आधी आहे; ‘ॲ’ हे अक्षर तर २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये दाखल झाले आणि त्याला व्यंजने व मात्रा यांच्या बऱ्याच पुढचा क्रमांक मिळाला. डेटाबेसला भाषेचा नियम सांगितलेला नसेल तर तो या क्रमांकांवरूनच यादी लावतो. सर्व्हरवरील डेटाबेस तयार करताना आयसीयू या लायब्ररीतील मराठीचा वर्णक्रम निवडलेला होता. संपूर्ण डेटाबेसला असा क्रम देण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये पंधराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ मध्ये आली. लॅपटॉपवरील डेटाबेस मात्र उपप्रणालीच्या मूळ, भाषानिरपेक्ष मांडणीत तयार झाला होता. डंप घेताना डेटाबेस निर्माण करण्याची आज्ञा त्यात समाविष्ट केली नाही तर हा गुणधर्म डंपसोबत येत नाही. टेबले आली, नोंदी आल्या, अनुक्रमणिका (शोध जलद करणारे इंडेक्स) आल्या, वर्णक्रम मागे राहिला आणि कोठेही एरर दिसली नाही.

सभासदांच्या यादीत हाच दोष का दिसला नाही, याचे उत्तर आधीच्या निर्णयात होते. ‘सभासद १००१’, ‘सभासद १००२’ अशा नावांत ना ‘ळ’ होता ना ‘ॲ’. खासगी माहिती वगळण्याचा निर्णय बरोबरच होता, पण बदली नावे इतकी एकसुरी निवडली गेली की मराठी नावांमुळे उद्भवणारे सर्व दोष त्या माहितीतून नाहीसे झाले. तालिका मूळ स्वरूपात दिली नसती तर हा फरक बराच काळ कोणाच्या लक्षात आला नसता.

आता दुसरा महत्त्वाचा निर्णय समोर होता: पाठवलेला बदल स्वीकारायचा का? त्याने ग्रंथालयात दिसणारी यादी बिघडली नसती आणि लॅपटॉपवरची सुधारली असती, त्यामुळे स्वीकारण्याकडे थोडा कल होता. परंतु त्या फंक्शनसाठी हजारो नोंदी प्रत्येक वेळी मेमरीत आणाव्या लागल्या असत्या आणि पानांची विभागणी डेटाबेसकडून करून घेण्याचा लाभ गेला असता. त्याहून मोठी गोष्ट अशी की एका यंत्राच्या मांडणीतील त्रुटी कोडमध्ये कायमची कोरली गेली असती. बदल परत करण्यात आला. कळवणाऱ्या संदेशात ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फंक्शनमधील चुका न काढता, हा फरक दिसल्याबद्दल आधी आभार मानले आणि सर्व्हरवरील यादीचे छायाचित्र सोबत जोडले. ही पद्धत मला नोंद घेण्याजोगी वाटते, कारण नव्या माणसाला ‘तुमच्याकडेच असे होते’ एवढेच सांगितले तर पुढच्या वेळी तो विसंगती नोंदवायला कचरतो.

निष्पत्ती

लॅपटॉपवरील डेटाबेस मराठी वर्णक्रमासह नव्याने तयार करण्यात आला आणि याद्या सर्व्हरप्रमाणे लागू लागल्या. रीडमीची जागा एका स्क्रिप्टने घेतली. ती पायथन आणि पोस्टग्रेस यांच्या आवृत्त्या तपासते, डेटाबेस योग्य मालक व वर्णक्रम देऊन तयार करते आणि देवनागरी फाँट आहे का हेही पाहते. बदली नावे आता मराठी आडनावांच्या यादीतून यादृच्छिकपणे जुळवली जातात. त्या यादीत ‘ळ’, ‘ॲ’, ‘क्ष’ आणि ‘ऱ्य’ असलेली आडनावे मुद्दाम ठेवली आहेत. शेवटचे जोडाक्षर टंकलिखित करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, त्या दिसायला सारख्या आणि संगणकाला वेगळ्या असतात, आणि सभासद शोधताना त्याचा त्रास होतो हे याच कामात उघड झाले. ते प्रकरण स्वतंत्र आहे.

काही फरक चमूने जाणूनबुजून तसेच ठेवले. लॅपटॉपवर एनजिनएक्स (वेब-सर्व्हर) नाही, जँगोचा स्वतःचा विकास-सर्व्हर वापरला जातो आणि डीबग (दोषांचा तपशील दाखवण्याची सोय) सुरू असते. या फरकांमुळे स्थिर फाइलींबाबत क्वचित अडचण येऊ शकते, पण ती चाचणी-सर्व्हरवर लगेच दिसते. यादीचा क्रम तसा दिसत नाही.

काय वेगळे करता आले असते

सहकारी रुजू होण्यापूर्वीच त्यांच्या लॅपटॉपची मेमरी, प्रणाली आणि इंटरनेटची स्थिती विचारली असती तर विंडोजवरील सुरुवातीची धडपड टळली असती, हे उघड आहे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

अधिक विचार करण्याजोगा मुद्दा वर्णक्रम कोठे नोंदवायचा हा आहे. स्क्रिप्टमुळे नवा डेटाबेस योग्य तयार होतो, पण कोणी स्क्रिप्ट टाळून डेटाबेस बनवला तर तोच घोळ पुन्हा होईल. जँगोमध्ये ३.२ या आवृत्तीपासून मजकुराच्या प्रत्येक फील्डला स्वतंत्र वर्णक्रम देता येतो आणि पोस्टग्रेससाठी तो वर्णक्रम मायग्रेशनमधून निर्माणही करता येतो. तसे केले की क्रमाचा नियम कोडसोबत प्रवास करतो आणि कोणत्याही यंत्रावर यादी सारखीच लागते. मला हाच मार्ग योग्य वाटतो आणि तो सुरुवातीलाच धरायला हवा होता. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप असा आहे की चालू टेबलांवर स्तंभाचा वर्णक्रम बदलला की त्यावरील अनुक्रमणिका नव्याने बांधाव्या लागतात आणि तोवर टेबलाला कुलूप लागते. देवघेवीच्या वेळेत हे परवडणारे नाही. आक्षेप खरा आहे, पण ग्रंथालयाला साप्ताहिक सुट्टी असते.

तोपर्यंतची सोय म्हणून ‘काशीद, कासार, काळे’ हा क्रम तपासणारी एक छोटी चाचणी स्वयंचलित चाचण्यांत घालण्यात आली आहे. डॉकरचा प्रश्नही पूर्णपणे मिटलेला नाही. आणखी एखादी व्यक्ती रुजू झाल्यास निदान डेटाबेसपुरता कंटेनर वापरावा असे एका सहकाऱ्यांचे मत आहे. तसे झाल्यास इमेज अल्पाइन या छोट्या लिनक्स वितरणावर आधारित न घेता डेबियनवर आधारित घ्यावी, कारण अल्पाइनमधील मूळ लायब्ररी भाषेनुसार वर्णक्रम लावत नाही, आणि डेटाबेस तयार करताना आयसीयूचा उल्लेख राहून गेला तर यादी पुन्हा ‘काळे, काशीद, कासार’ अशी लागेल.